पाषाणातील जीवनचक्र : शिल्पकार गुस्ताव्ह विगेलँड

नॉर्वेची राजधानी ऑस्लो हिच्या मध्यभागी हॅमर्सबोर्ग नावाचा एक उंचवटा आहे. कार्ल डाइखमान या लोखंडाच्या कारखानदाराने मृत्युपत्राद्वारे या नगराला सुमारे ६,००० ग्रंथ दिले आणि त्यांतून १७८५ मध्ये तेथे एक सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले. त्या ग्रंथालयाची भव्य वास्तू १९३३ मध्ये या उंचवट्यावर उभी राहिली. ग्रंथालयाला हक्काची जागा मिळणे ही केवढी मोठी गोष्ट असते, हे ग्रंथालयाच्या सभासदांना आणि आश्रयदात्यांना वेगळे सांगावयास नको. परंतु या जागेच्या पाठीमागे एक निराळी कथा आहे. तेथे पूर्वी एका शिल्पकाराची शिल्पशाळा होती. ग्रंथालयासाठी ती पाडावी असे नगरपालिकेच्या मनात आले. शिल्पकार सहजासहजी हटणारा नव्हता. बराच काळ वाद चालल्यावर १९२१ मध्ये दोघांत करार झाला. नगराने त्याला नवी शिल्पशाळा आणि राहावयास जागा बांधून द्यावी. त्या बदल्यात त्याने आपल्याजवळ असलेली आणि पुढे मृत्यूपर्यंत हातून घडतील ती सारी शिल्पे, रेखाटने व नमुने नगराच्या स्वाधीन करावे, असे ठरले.

एका कलावंताने आपली झालेली आणि व्हावयाची सगळी निर्मिती एका नगराच्या पदरात घालावी, असा हा विलक्षण व्यवहार होता. त्यातून ऑस्लोला ग्रंथालय तर मिळालेच, पण त्याबरोबर दोनशेहून अधिक शिल्पांचे एक उद्यानही मिळाले. माणूस जन्मतो, वाढतो, प्रेम करतो, भांडतो, जराजर्जर होतो आणि जातो. या साऱ्या येरझारीला काही अर्थ आहे काय, हा प्रश्न त्या उद्यानात दगड आणि कांस्य यांच्या भाषेत मांडलेला आहे. तो मांडणाऱ्या शिल्पकाराचे नाव गुस्ताव्ह विगेलँड.

विगेलँडचा जन्म ११ एप्रिल १८६९ रोजी नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरील मांडाल या लहानशा गावाजवळ झाला. त्याचे मूळ नाव अडोल्फ गुस्ताव्ह थोरसेन. वडील एलेसेउस थोरसेन हे लाकडी सामान बनविणारे कुशल कारागीर होते. घरातील वातावरण कडक धार्मिक होते. पाप, पश्चात्ताप आणि नरकयातना यांच्या गोष्टी मुलांच्या कानांवर सतत पडत. पुढे वडील मद्याच्या आहारी गेले आणि घरची शिस्त अधिकच जाचक व उदास झाली. या लहानपणाची एक दुसरी बाजूही होती. आजोळच्या शेतवाडीवर गुस्ताव्हचे बरेच दिवस जात, आणि मोकळे आकाश, जनावरे व झाडे यांचा सहवास त्याला तेथे लाभे. ती वाडी विगेलँड नावाच्या परिसरात होती. पुढे कलावंत म्हणून त्याने धारण केले ते हेच नाव. त्याचा धाकटा भाऊ एमान्युएल हाही पुढे नामांकित चित्रकार झाला आणि त्यानेही तेच नाव घेतले.

मुलाचा हात चांगला चालतो हे पाहून १८८४ मध्ये वडिलांनी त्याला लाकडी कोरीवकाम शिकण्यासाठी राजधानीत पाठविले. त्या वेळी राजधानीचे नाव ख्रिस्तियानिया असे होते. ऑस्लो हे जुने नाव तिला १९२५ मध्ये परत मिळाले. पंधरा वर्षांच्या या मुलाला तेथे वाचनाचाही नाद लागला. परंतु १८८६ मध्ये वडील वारले आणि कुटुंबाला हातभार लावण्यासाठी त्याला गावी परतावे लागले. १८८८ मध्ये तो पुन्हा राजधानीत आला तो शिल्पकार होण्याचा निर्धार करूनच. आता पाठीशी कोणी नव्हते. हिवाळ्यात उपासमार आणि निवाऱ्याची वानवा यांनी तो अगदी टेकीस आला. अखेर १८८९ च्या आरंभी रेखाटनांची गुंडाळी घेऊन तो ब्रिन्युल्फ बेर्ग्सलिएन या ज्येष्ठ शिल्पकाराच्या दारी उभा राहिला. बेर्ग्सलिएनने ती रेखाटने पाहिली, मुलगा कोणत्या कसाचा आहे हे ओळखले आणि त्याला आपल्या हाताखाली घेतले. त्याच वर्षीच्या सरकारी कलाप्रदर्शनात विगेलँडचे पहिले शिल्प झळकले. विषय होता बायबलमधील हागार आणि इश्माएल : घरातून हाकलली गेलेली आई आणि तिचे मूल. वीस वर्षांच्या तरुणाने निवडलेला हा विषय लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पुढील काही वर्षे त्याने शिष्यवृत्त्यांच्या आधाराने युरोप पाहिला. १८९१ मध्ये कोपनहेगन येथे विल्हेल्म बिसेन या शिल्पकाराच्या शिल्पशाळेत काम करताना त्याने शापित कुटुंबाचा एक मोठा समूह घडविला. १८९३ मध्ये तो पॅरिसला गेला आणि रोदँच्या शिल्पशाळेत त्याने अनेक वेळा फेऱ्या मारल्या. शरीराच्या पिळवटीतून मनाची पिळवट कशी दाखवावी, स्त्री-पुरुषांच्या मीलनातील ओढ आणि दुरावा एकाच आकृतीत कसे गुंफावे, हे त्याला तेथे उमगले. १८९५ मध्ये बर्लिनला असताना चित्रकार एडवर्ड मुंक आणि पोलिश लेखक प्शिबिशेव्स्की यांच्या वर्तुळात त्याचा वावर होता. प्रेम, मृत्यू, मत्सर, एकाकीपण यांना प्रतीकरूप देण्याच्या ध्यासाने ही मंडळी झपाटलेली होती. मुंकशी त्याचे पुढे बिनसले. प्शिबिशेव्स्कीने मात्र त्याच्या शिल्पांवर फार लवकर लिहून त्याचे नाव नॉर्वेबाहेर नेले. तेथून तो इटलीत गेला आणि प्राचीन व प्रबोधनकालीन शिल्पांच्या सहवासात फ्लॉरेन्सला राहिला.

या काळातील त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे नरक या विषयावरील भव्य उठावशिल्प. त्याची पहिली आवृत्ती १८९४ ची आणि दुसरी १८९७ ची. मध्ये सैतान बसलेला आहे आणि त्याच्याभोवती असंख्य मानवी देह वावटळीत सापडल्यासारखे लोटले जात आहेत. रोदँच्या नरकद्वाराचा ठसा त्यावर उघड दिसतो. पण त्यामागचे भय उसने नव्हते. लहानपणी घरात ऐकलेल्या नरकयातनाच येथे आकार घेत होत्या. तरुण विगेलँडच्या प्रतीकांत माणूस नेहमी कोणत्या तरी अदृश्य शक्तीखाली चिरडलेला दिसतो. जगण्याचा अर्थ शोधण्याची सुरुवात त्याने अशी अंधाऱ्या टोकापासून केली.

प्रदर्शने होत होती, समीक्षक वाखाणत होते, परंतु पोट भरत नव्हते. म्हणून १८९७ पासून पाच वर्षे त्याने ट्रॉन्डहाइम येथील निदारोस या मध्ययुगीन प्रार्थनामंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम पत्करले. तेथे त्याला गॉथिक धाटणीच्या मूर्ती आणि पावसाचे पाणी बाहेर फेकणारी विचित्र मुखे घडवावी लागली. या ठरीव कामाला तो मनातून कंटाळला होता. परंतु त्याच्याही नकळत त्या कामाने त्याला बरेच काही दिले. माणसाला विळखा घालणारा सरडा किंवा नाग-व्याल हे मध्ययुगीन प्रतीक त्याच्या हातात आले ते कायमचे. आज ऑस्लोच्या उद्यानातील पुलाच्या चार टोकांना ग्रॅनाइटचे चार उंच स्तंभ आहेत. त्यांतील तिघांवर पुरुष त्या प्राण्याशी झुंजताना दिसतो. चौथ्यावर स्त्री त्याच्या मिठीत विसावली आहे. षड्रिपूंची कल्पना ज्यांच्या कानांवरून लहानपणापासून गेली आहे, त्यांना या स्तंभांपाशी थबकावेसे वाटल्यावाचून राहणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी विगेलँडला मान्यता मिळू लागली. इब्सेन, ब्यर्नसन यांच्यासारख्या नामवंत साहित्यिकांचे अर्धपुतळे त्याने घडविले. याच सुमारास नोबेल शांतता पारितोषिकाच्या पदकाचा नमुनाही त्याने तयार केला. पदकाच्या एका बाजूस आल्फ्रेड नोबेल यांची मुद्रा आहे आणि दुसऱ्या बाजूस एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभे असलेले तीन विवस्त्र पुरुष. राष्ट्राराष्ट्रांतील बंधुभाव त्यातून सुचविला आहे. १९७९ मध्ये मदर तेरेसा यांना आणि २०१४ मध्ये विदिशा येथे जन्मलेले कैलाश सत्यार्थी यांना मिळालेल्या पदकांवर विगेलँडचीच ही आकृती आहे. त्याचे नावही न ऐकलेल्या भारतीयांच्या नजरेखालून त्याचे हे लहानसे शिल्प वर्तमानपत्रांतील छायाचित्रांत कधी ना कधी गेलेच असेल.

प्रतीकाचा त्याचा आग्रह किती टोकाचा होता, हे गणितज्ञ नील्स हेन्रिक आबेल याच्या स्मारकाच्या वेळी दिसून आले. आबेल अवघ्या २६ व्या वर्षी, १८२९ मध्ये, क्षयाने गेला होता. स्मारकासाठी स्पर्धा जाहीर झाली तेव्हा आयोजकांना आबेलची ओळखू येईल अशी प्रतिमा हवी होती. विगेलँडने अटी बाजूला सारून, अवकाशातून झेपावणाऱ्या दोन मानवाकृतींच्या पाठीवर उभा असलेला एक विवस्त्र तरुण घडविला. त्यात ना कोट होता, ना पुस्तक, ना खुर्ची. विचारांची भरारी दाखवावयाची तर अंगरखा आणि चेहरेपट्टी यांचा काय उपयोग, असा त्यामागील रोख होता. वाद झाला, तरी अखेर हेच शिल्प १९०८ मध्ये राजवाड्याच्या बागेत उभे राहिले. माणसाच्या चरित्रातील तपशील गाळून त्याच्या जगण्याचे सार तेवढे उरवावयाचे, ही विगेलँडची रीत येथे पक्की झाली.

त्याच्या आयुष्यातील मुख्य कामाला मात्र एका कारंज्यापासून सुरुवात झाली. १९०० च्या सुमारास त्याच्या मनात ही कल्पना आली आणि १९०६ मध्ये मूळ आकाराच्या एक-पंचमांश असा तिचा प्लास्टरचा नमुना लोकांसमोर मांडला गेला. नॉर्वे त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनपासून वेगळा होऊन स्वतंत्र राष्ट्र झाला होता. नव्या राष्ट्राच्या राजधानीला साजेसे काहीतरी भव्य असावे, ही भावना प्रबळ होती. १९०७ मध्ये नगरपालिकेने कारंज्याचे काम त्याला सोपविले. मूळ विचार ते संसदभवनासमोरील चौकात बसविण्याचा होता.

या कारंज्यात सहा धिप्पाड पुरुष एक प्रचंड पात्र तोलून धरतात आणि त्यातून पाणी खाली कोसळत राहते. ते पात्र म्हणजे जीवनाचा भार, असे सहज मनात येते. भोवतालच्या कट्ट्यावर कांस्याची वीस झाडे आहेत आणि प्रत्येक झाडाच्या फांद्यांत माणसे गुंतलेली आहेत. एका झाडात मुलांचा थवा आहे, एकात तारुण्याच्या उंबरठ्यावरील मुलगी स्वप्नात हरवली आहे, कोठे प्रेमिक आहेत, कोठे फांदीला धरून कसाबसा उभा असलेला म्हातारा आहे, आणि एका झाडात चक्क हाडांचा सापळा आहे. कट्ट्याच्या बाहेरील अंगाला साठ लहान उठावशिल्पे आहेत. त्यांत जन्मापासून मृत्यूपर्यंतचा प्रवास आहे. मृत्यूनंतर देहाचे मातीत मिसळणे आहे. आणि त्याच मातीतून नवे जीवन पुन्हा अंकुरणे आहे. फिरत फिरत पाहणारा जेथून निघाला तेथेच येऊन पोहोचतो. कारंज्याभोवतीच्या सुमारे १,८०० चौरस मीटर जमिनीवर काळ्या-पांढऱ्या ग्रॅनाइटचा चक्रव्यूह आखलेला आहे. त्यातील वाट शोधत चालावयाचे ठरविले तर सुमारे तीन किलोमीटर चालावे लागते.

नरकाच्या शिल्पात अंताला केवळ यातना होती; येथे अंत म्हणजे पुढील आरंभाची तयारी झाली. दहा-बारा वर्षांत विगेलँडच्या विचारात घडलेले हे स्थित्यंतर फार मोठे आहे. पुनर्जन्माचे तत्त्वज्ञान तो मांडत नव्हता. झाड, पाणी, माती आणि माणूस एकाच चक्रात फिरतात, एवढेच तो डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगत होता.

कारंज्याचा आवाका वाढत गेला. १९१५ च्या सुमारास त्याने ग्रॅनाइटमध्ये करावयाच्या मोठ्या समूहांचे नमुने बनविण्यास प्रारंभ केला आणि १९१९ मध्ये एका उंच स्तंभाची योजना त्यात भर म्हणून आली. संसदेसमोरची जागा अपुरी ठरली, राजवाड्याच्या आवाराचाही विचार मागे पडला. दरम्यान हॅमर्सबोर्गच्या शिल्पशाळेचा वाद मिटून १९२१ चा करार झाला होता आणि शहराच्या तत्कालीन सीमेवर, फ्रोग्नर भागात, नवी शिल्पशाळा उभी राहत होती. तिच्याजवळचेच मोकळे मैदान विगेलँडने सुचविले. १९२४ मध्ये नगरपालिकेने त्याला मान्यता दिली आणि त्याच वर्षी तो नव्या वास्तूत राहावयास गेला. तेव्हापासून अखेरपर्यंत त्याचे घर, काम आणि जग तेवढेच राहिले. घरातील दिवे आणि कापडांवरील वेलबुट्टी यांचेही आराखडे त्याने स्वतःच काढले होते.

ग्रॅनाइटने त्याच्या शैलीत मोठा पालट घडविला. हा कठीण दगड नाजूक तपशील सोसत नाही. त्यामुळे पूर्वीची कृश, पिळवटलेली शरीरे गेली आणि भरीव, गोलाकार, जड मानवाकृती आल्या. छत्तीस समूहांत बालपणापासून वार्धक्यापर्यंतची नाती आहेत. त्यांत एक आई हातापायांवर ओणवी झाली आहे, पाठीवर दोन मुले बसली आहेत आणि तिचीच वेणी तिच्या तोंडात लगामासारखी दिलेली आहे. आपल्याकडच्या माजघरांत चालणारा घोडाघोडाचा खेळ हाच! मात्र थोडा वेळ पाहत राहिले की खेळाच्या आत दडलेले ओझेही जाणवू लागते. कोठेही वस्त्र नाही, अलंकार नाही, आयुध नाही. वस्त्र आले की देश आला, काळ आला, दर्जा आला. विगेलँडला माणूस तेवढा हवा होता. एकाही शिल्पाखाली त्याने नाव लिहिले नाही की अर्थ सांगितला नाही.

या साऱ्याच्या मध्यभागी, सर्वांत उंच जागी तो एकपाषाणी स्तंभ आहे. मोनोलिथ या नावाने तो जगभर ओळखला जातो. १९२४-२५ मध्ये विगेलँडने दहा महिन्यांत त्याचा पूर्णाकृती मातीचा नमुना घडविला आणि त्यावरून प्लास्टरचा नमुना तयार झाला. त्यानंतर इड्डेफ्योर्ड येथील खाणीतून काही शे टन वजनाची एकच अखंड शिळा आणण्यात आली आणि १९२८ मध्ये ती उद्यानात उभी केली गेली. तिच्याभोवती लाकडी छपरी बांधून १९२९ पासून तीन पाथरवटांनी नमुन्यानुसार कोरीवकाम सुरू केले. ते चौदा वर्षे चालले. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी माणसाला अखंड दगडात उतरण्याचे हे धाडस परके वाटणार नाही. तेथे डोंगर वरून खाली कोरीत आणला. येथे डोंगराचा एक तुकडाच शहरात आणून कोरला.

स्तंभाची उंची चौदा मीटरांहून किंचित अधिक असून त्यावर १२१ मानवाकृती आहेत. तळाशी निश्चेष्ट वाटणारे देह आहेत. त्यांच्यावरून स्त्री, पुरुष, वृद्ध, तरुण एकमेकांना बिलगून, आधार देत, रेटत, नागमोडी वळणाने वर चढत जातात, आणि अगदी शिखराशी लहान मुले आहेत. हा जगण्यासाठी चाललेला झगडा आहे की परमेश्वराकडे जाण्याची ओढ? ही माणसे एकमेकांना वर उचलीत आहेत की एकमेकांवर पाय देऊन चढत आहेत? पाहणाऱ्यांत यावर एकमत कधीच झाले नाही. विगेलँड स्वतः या स्तंभाला आपला धर्म मानीत असे. त्यापलीकडे खुलासा त्याने केला नाही. नरकाच्या भीतीत वाढलेल्या मुलाने साठीच्या उंबरठ्यावर स्वीकारलेल्या या धर्मात देव दिसत नाही, स्वर्ग-नरकही दिसत नाहीत. एकमेकांना बिलगलेली माणसे तेवढी दिसतात.

येथेच विगेलँडच्या चरित्रातील दुखरी बाजू सांगणे भाग आहे. आई, बाप, मूल आणि वृद्ध यांच्या नात्यांचे एवढे मोठे महाकाव्य दगडात रचणारा हा माणूस स्वतःच्या घरात ती नाती सांभाळू शकला नाही. लॉरा मॅथिल्डे आंदरसेन हिच्यापासून त्याला एल्से व गुस्ताव्ह अशी दोन मुले झाली. १९०० मध्ये त्याने तिच्याशी विवाह केला, पण तोवर त्याचे मन दुसरीकडे गुंतले होते, आणि १९०६ मध्ये हा विवाह कायद्यानेही संपला. बापाचा सहवास मुलांच्या वाट्याला जवळजवळ आलाच नाही. इंगा सिव्हर्टसेन ही त्याची सहचरी, प्रतिमान आणि मदतनीस म्हणून सुमारे दोन दशके राबली. तिच्याशीही ताटातूट झाली. १९२२ मध्ये त्याने वयाने तीसएक वर्षांनी लहान असलेल्या इंगेरिद विल्बेर्ग हिच्याशी विवाह केला. भाऊ एमान्युएलशीही त्याचे पटले नाही. कामाखेरीज कशालाही त्याच्या आयुष्यात जागा उरली नव्हती. घरातून हाकललेल्या हागारपासून ज्याने आरंभ केला, त्याच्याच दोन मुलांना बापाच्या घराबाहेर वाढावे लागले.

पुलावर एका पुरुषाचे शिल्प आहे. चार तान्ही मुले त्याच्या अंगाला झोंबली आहेत आणि तो त्यांना हातापायांनी झटकून टाकीत आहे. पाहणारे हसतात, कारण प्रत्येक बापाला हा क्षण ठाऊक असतो. विगेलँडचे चरित्र ठाऊक असणाऱ्याला मात्र तेथे हसू येत नाही. जवळच दुसऱ्या शिल्पात बाप मुलाला प्रेमाने उचलून धरतो. दोन्ही शिल्पे त्याच्याच हातची आहेत. स्वतःला जे जमले नाही तेही त्याला नीट दिसत होते आणि ते लपवून ठेवावे असे त्याला वाटले नाही, एवढे श्रेय त्याला द्यावे लागेल. या कबुलीने मुलांचे काही भरून आले असेल, असे मात्र म्हणता येत नाही.

टीकाही त्याच्या वाट्याला भरपूर आली. एकाच कलावंताच्या हाती शहराची एवढी जागा आणि पैसा का द्यावा, असा प्रश्न वारंवार विचारला गेला. काहींना ही शिल्पे बोजड आणि एकसुरी वाटली. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापले. त्या काळात विगेलँडने जर्मनांविषयी विरोधाची भूमिका घेतली नाही. उलट त्यांच्या सैनिकांना आपल्या शिल्पांत वावरू देण्याची तयारी दाखविली. ही गोष्ट त्याच्या देशबांधवांच्या मनाला लागून राहिली. धिप्पाड नग्न देहांच्या या गर्दीत त्या राजवटीच्या सौंदर्यकल्पनांचा वास येतो, असे युद्धानंतर काही टीकाकारांनी लिहिले. शिल्पांचा आराखडा त्या राजवटीच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्यात जर्जर, थकलेली, हरलेली माणसेही तितकीच आहेत, हे खरे. परंतु माणुसकीचा स्तंभ उभारणाऱ्याने माणुसकीच्या कसोटीच्या वेळी दाखविलेली ही वृत्ती डोळ्यांआड करता येत नाही.

व्याप्त देशातही उद्यानाचे काम थांबले नाही. शंभर मीटर लांबीचा, ५८ कांस्यशिल्पांचा पूल १९४० मध्ये लोकांसाठी खुला झाला. मुठी आवळून, पाय आपटून रडणारा छोटा मुलगा त्यावर आहे. तो आज उद्यानातील सर्वांत लाडका आहे, आणि हात लावून लावून लोकांनी त्याचा डावा हात सोन्यासारखा झळझळीत केला आहे. विगेलँडने मोठ्या प्रयासाने रचलेल्या प्रतीकसृष्टीत लोकांनी आपलेसे केले ते एका हट्टी पोराला!

१२ मार्च १९४३ रोजी विगेलँडचे निधन झाले. स्तंभाचे कोरीवकाम तेव्हा पूर्णत्वाला पोहोचले होते, तरी त्याच्याभोवतीची लाकडी छपरी अजून तशीच होती. मोकळ्या आकाशाखाली उभा असलेला आपला स्तंभ त्याला पाहता आला नाही. ऑस्लोतील प्रार्थनामंदिरात किंवा दफनभूमीत त्याला जागा नको होती. त्याच्या अस्थींचा कलश त्याच्या शिल्पशाळेच्या मनोऱ्यात ठेवण्यात आला. १९४४ च्या नाताळात लोकांना छपरीत शिरून स्तंभ पाहण्याची मुभा मिळाली, तेव्हा १,८०,००० माणसांनी तेथे गर्दी केली. देश अजून परक्यांच्या ताब्यात होता, दिवस टंचाईचे होते आणि हिवाळा कडक होता. अशा वेळी माणसांनी रचलेला माणसांचा तो स्तंभ पाहावयास एवढे लोक का आले असतील, याचा विचार करण्यासारखा आहे.

१९४७ मध्ये कारंज्याचे पाणी वाहू लागले आणि त्याच वर्षी शिल्पशाळा संग्रहालय म्हणून खुली झाली. तेथे सुमारे १,६०० शिल्पे, १२,००० रेखाटने आणि ४२० काष्ठमुद्रा जतन केलेल्या आहेत. उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून सुरू होणारी वाट ८५० मीटरांवर जेथे संपते, तेथे कांस्याचे एक चक्र आहे. १९३३-३४ मध्ये घडविलेल्या या चक्राचा व्यास सुमारे तीन मीटर आहे. स्त्रिया, पुरुष आणि मूल यांनी एकमेकांना धरून केलेले ते कडे आहे. त्याला आरंभ नाही आणि शेवटही नाही. नरकाच्या शिल्पातही देहांचा भोवराच होता. तेथे कोणी कोणाला धरलेले नव्हते. चाळीस वर्षांच्या शोधात विगेलँडच्या हाती आलेला फरक एवढाच असेल, पण तो लहान नाही.

डाइखमान ग्रंथालयाने पुढे हॅमर्सबोर्गची वास्तू सोडली. २०२० मध्ये त्याचे मुख्य दालन समुद्राच्या खाडीलगत नव्या इमारतीत गेले. विगेलँडचे उद्यान जेथल्या तेथे आहे. त्याला प्रवेशशुल्क नाही आणि त्याचे दरवाजे रात्रीही बंद होत नाहीत. मुलांचे बोट धरून आईबाप येतात, शाळा येतात, काठी टेकीत म्हातारी माणसे येतात आणि आपापल्या वयाच्या शिल्पापाशी थोडा वेळ थांबतात. शिल्पांखाली नावे नसल्यामुळे अर्थ ज्याचा त्याने लावावयाचा असतो. पुढच्या वेळी येतात तेव्हा त्यांतील बहुतेक जण पुढच्या शिल्पापाशी पोहोचलेले असतात.